किल्ल्यात हॉटेल, हॉटेलात चर्च

तेरेखोल हे गोव्याचं गाव, पण गोव्याच्या जमिनीला ते कुठेच लागत नाही. पश्चिमेला समुद्र, दक्षिणेला तेरेखोल नदी आणि उरलेल्या बाजूंनी सगळा सिंधुदुर्ग जिल्हा. तालुका पेडणे, म्हणजे सरकारी कागदासाठी नदी ओलांडायची. शेजारधर्म मात्र रेडी आणि शिरोड्याशी. मोबाइलवर कुठल्या राज्याचं नेटवर्क दिसेल हे तुम्ही किल्ल्याच्या कोणत्या कोपऱ्यात उभे आहात त्यावर ठरतं. नदीच्या मुखावर टेकडीच्या नाकाडावर हा किल्ला बसलाय, किल्ल्याच्या पोटात हॉटेल निघालं आणि त्याच्या ऐन अंगणात एक जुनं चर्च.

सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्याहून निघायचं तर खंबाटकी चढून सातारा, कराड, कोल्हापूर. पुढे निपाणीला हायवे सोडून आजरा, आंबोली, सावंतवाडी. तिथून शिरोडा-रेडी मार्गे थेट किल्ल्याच्या दारात. साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास अंतर भरतं. हायवेवर पाट्या गोव्याच्या दिसतात, पण या वाटेनं गेलं तर शेवटच्या दोन-तीन किलोमीटरपर्यंत तुम्ही महाराष्ट्रातच असता.

आपण सातारकर किल्ल्यांच्या बाबतीत जरा शिष्ट. अजिंक्यतारा, पांडवगड, वैराटगड, केंजळगड उठता-बसता बघितलेल्या माणसाला तेरेखोल पाहून पहिल्यांदा वाटतं, एवढाच? माची नाही, बालेकिल्ला नाही, दमछाक करणारी चढण नाही. जांभ्या दगडाची तटबंदी, एक दरवाजा, आत फरसबंद अंगण. दहा मिनिटांत फेरी पूर्ण होते. पण हा किल्ला डोंगर राखायला बांधलेलाच नव्हता. त्याचं काम खाडीच्या तोंडावर बसून आत-बाहेर जाणाऱ्या गलबतांवर नजर ठेवणं एवढंच. तटावर उभं राहिलं की ते कळतं. समोर केरीची वाळू, तिच्यामागे सुरूची रांग, उजव्या हाताला उघडा समुद्र आणि डाव्या हाताला आत शिरत गेलेलं नदीचं पात्र. एकही होडी नजरेतून सुटत नाही.

दरवाजातून आत गेल्यावर समोर येतं ते चर्चचं पांढरं दर्शन. भोवतीच्या इमारतींना पिवळसर रंग. एके काळी शिबंदी राहायची त्या भागात पुढे पाहुण्यांच्या खोल्या झाल्या. खोल्या सातच, आणि त्यांना आकडे न देता वारांची नावं दिली. त्यामुळे सोमवारी येऊन गुरुवारात राहणं, किंवा शनिवारी मारुतीचा उपास धरून रविवारात झोपणं, असले प्रकार इथे घडायचे. वरच्या अंगाला बसून जेवायची जागा, तिथून खाली खाडी. सरकारच्या मालकीची ही वास्तू, तिचे चालवणारे हात वेळोवेळी बदलले. त्यामुळे मुक्कामाच्या इराद्याने निघणार असाल तर आधी गोवा पर्यटन खात्याकडे चौकशी करून घ्यावी. ऐकीव माहितीवर बॅगा भरू नयेत.

आता चर्च. ते सेंट अँथनीचं, कोकणी-मराठी लोकांच्या तोंडी सांत आंतोन. आधी इथे पवित्र त्रैक्याच्या नावाचं लहानसं प्रार्थनामंदिर होतं, पुढे त्याचं हे चर्च झालं. जगभर जुन्या चर्चची हॉटेलं झालेली आहेत, त्यावर पुढे येतोच. पण तेरेखोलचं वेगळेपण असं की इथे चर्चचं हॉटेल झालेलं नाही. चर्चच्या भोवती हॉटेल झालं. पाहुण्याला चर्च रोज दिसतं, पण हवं तेव्हा आत जाता येत नाही. एरवी दार बंद. मे महिन्यात वार्षिक फेस्त असतं तेव्हा ते उघडतं आणि गाव आत येतं. इथे नवा आणि पाहुणा आहे तो हॉटेलवाला. सांत आंतोन जुना रहिवासी.

ही मांडामांड कशी झाली हे कळायला थोडं मागे जावं लागतं. सतराव्या शतकात सावंतवाडीच्या खेम सावंत भोसल्यांनी हा किल्ला उभारला. सावंतांचं आरमार होतं, आणि या किनाऱ्यावर त्यांचं आणि पोर्तुगीजांचं कधी भांडण तर कधी तह असं पिढ्यान् पिढ्या चालू होतं. 1746 साली गोव्याचा व्हाइसरॉय होता काउंट ऑफ असुमार, पेद्रु मिगेल द आल्मेदा. त्याने आधी पेडण्याच्या बाजूचा हळर्ण किल्ला घेतला आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात तेरेखोलही पाडाव केला. हळर्णच्या विजयाबद्दल पोर्तुगालच्या राजाने त्याला ‘मार्कीस ऑफ आलोर्ना’ हा किताब दिला, म्हणजे आपल्या कोकणातल्या एका लहानशा गावाचं नाव पोर्तुगालच्या सरदारांच्या यादीत जाऊन बसलं. हाच आल्मेदा त्याआधी ब्राझीलमध्ये गव्हर्नर होता. 1717 साली तिथे त्याच्या मेजवानीसाठी मासे धरायला गेलेल्या कोळ्यांच्या जाळ्यात मेरीची एक मूर्ती आली, आणि ती आज आपारेसीदा माता म्हणून अख्ख्या ब्राझीलची संरक्षक देवता आहे. एका माणसाच्या आयुष्यात काय काय यावं!

1764 मध्ये पोर्तुगीजांनी किल्ल्याची मोठी डागडुजी केली. किल्ला आला की शिबंदी आली, शिबंदी आली की प्रार्थनेची जागा आली. आपल्या गडावर जसं मारुती किंवा गडदेवतेचं ठाणं असतं तसंच हे. शिपायांचं प्रार्थनामंदिर हळूहळू गावाचं झालं. तोफा गंजल्या, सैनिक गेले, राज्य गेलं, पण गावाचं येणं-जाणं थांबलं नाही.

मधल्या काळात इथे रक्तही सांडलं. 1835 च्या जानेवारीत बेर्नार्दु पेरेस द सिल्व्हा हा गोव्यात जन्मलेला माणूस गोव्याचा प्रमुख झाला. सव्वातीनशे वर्षांच्या पोर्तुगीज राजवटीत असं प्रथमच घडत होतं. लष्करातल्या गोऱ्या गटाला ते पचलं नाही. त्याची सत्ता तीन आठवडेही टिकली नाही. त्याच्या बाजूच्या लोकांनी तेरेखोलचा आसरा घेतला होता, आणि किल्ला परत घेणाऱ्यांनी आतल्या माणसांची कत्तल केली. आज ज्या अंगणात पर्यटक सेल्फी काढतो त्याच अंगणात हे झालं. हॉटेलच्या जाहिरातीत ते छापत नाहीत, आणि सुट्टीवर आलेल्याला झोप लागू द्यायची असेल तर छापूही नये म्हणा. पण तटावर एखादी पाटी असायला काय हरकत आहे?

मुक्तिसंग्रामात तेरेखोलचं नाव पुन्हा पुढे आलं. 15 ऑगस्ट 1954 ला गोव्याच्या सत्याग्रहींच्या तीन तुकड्या तीन दिशांनी हद्दीत शिरल्या. तेरेखोलच्या तुकडीचे प्रमुख होते आल्फ्रेड आफोंसो. त्यांनी किल्ल्यावर तिरंगा लावला आणि रात्र काढली. दुसऱ्या दिवशी पोर्तुगीजांनी सगळ्यांना धरलं. गोव्यातले ख्रिस्ती लोक पोर्तुगालच्या बाजूचे आहेत, असं तिथलं सालाझारचं सरकार जगाला सांगत होतं. त्याच वेळी एक गोमंतकीय ख्रिस्ती माणूस, चर्च पोटात असलेल्या किल्ल्यावर भारताचं निशाण लावून उभा होता. त्या प्रचाराला याहून सडेतोड उत्तर कुठलं देणार?

पुढचं साल जास्त कठीण. 1955 च्या मे महिन्यात ना. ग. गोरे आणि सेनापती बापट यांनी सत्याग्रहींची तुकडी नेली, आणि ऑगस्टपर्यंत महाराष्ट्राच्या गावागावांतून माणसं सीमेकडे निघाली. पोर्तुगीजांनी गोळीबार केला. तेरेखोलला पनवेलचे हिरवे गुरुजी धारातीर्थी पडले. पनवेलमध्ये त्यांचं नाव आजही घेतलं जातं. आपल्याकडे किती जणांना माहीत असेल, शंकाच आहे. किल्ल्यावर पोर्तुगीज निशाण 1961 च्या डिसेंबरपर्यंत राहिलं.

म्हणजे सावंतांचा किल्ला, पोर्तुगीजांची छावणी, सत्याग्रहाचं ठिकाण आणि मग प्रवाशांचं विश्रामधाम. एवढी स्थित्यंतरं होऊनही चर्च उभंच्या उभं राहिलं. याचं श्रेय पुरातत्त्व खात्याला किंवा पर्यटनाला द्यायला माझं मन घेत नाही. ते वापरात राहिलं म्हणून राहिलं.

याची उलट बाजू बघायची तर जुन्या गोव्यात जावं. 1834 साली पोर्तुगालने धर्मसंघ बरखास्त केले आणि पुढच्या वर्षी तो हुकूम गोव्यात लागू झाला. मठ रिकामे झाले. मोन्ते सान्तुच्या टेकडीवर ऑगस्टिनियन साधूंचं प्रचंड चर्च होतं. माणसं गेल्यावर सात वर्षांत, 1842 मध्ये, त्याचं छत कोसळलं. 1931 मध्ये दर्शनी भिंत आणि मनोऱ्याचा काही भाग पडला. आज उरलाय तो सेहेचाळीस मीटर उंचीचा जांभ्याचा अर्धा मनोरा, खाली गवत आणि थडग्यांच्या कोरीव शिळा. तोफा लागल्या नाहीत, भूकंप झाला नाही. पावसाळ्यात कौलं फिरवायला कुणी उरलं नाही, एवढंच झालं. कोकणातल्या घरमालकाला हे समजावून सांगायला लागत नाही.

त्याच्या समोरचा सांता मोनिकाचा मठ मात्र वाचला, कारण त्याला एकामागून एक नवी कामं मिळत गेली. सध्या तिथे ख्रिस्ती कलेचं संग्रहालय आहे. 1994 मध्ये राशोलला सुरू झालेलं हे संग्रहालय 2002 मध्ये इथे आलं. आणि जुन्या गोव्याच्या पूर्वेच्या टेकडीवरच्या ‘अवर लेडी ऑफ द माउंट’ या चॅपेलची गोष्ट तर फारच देखणी. आदिलशहाचा तोफखाना जिथे होता म्हणतात तिथे आफोंसो द आल्बुकेर्कने 1510 नंतर ते बांधलं. पडझड झालेली ही वास्तू फुंदासांव ओरिएंत या पोर्तुगीज संस्थेने या शतकाच्या सुरुवातीला दुरुस्त केली, आणि त्यानंतर तिथे दर फेब्रुवारीत मोन्ते संगीत महोत्सव भरू लागला. मावळतीला चॅपेलच्या पायऱ्यांवर हिंदुस्थानी गायन, दुसऱ्या दिवशी आत पाश्चात्त्य वाद्यवृंद. खाली मांडवी, पलीकडे दिवाडी बेट, मधे झाडीतून डोकं काढलेली चर्चची शिखरं. लाउडस्पीकरशिवायही तानपुरा ऐकू येतो अशी ती जागा. हॉल बांधायला कोट्यवधी खर्च करणाऱ्या आपल्या नगरपालिकांनी एकदा तिथे सहल काढावी.

युरोपात हा प्रकार आता नेहमीचा. पोर्तुगाल सरकारने 1942 पासून ‘पोसादा’ नावाची सरकारी अतिथिगृहं काढली, आणि मठ-किल्ले त्यात घेतले. एव्होरा शहरातला पंधराव्या शतकातला मठ असाच पोसादा झाला. थोडक्यात, धर्मसंघ बरखास्त करून मठ रिकामे करणारा देश शंभर वर्षांनी त्याच मठांत गिऱ्हाइकं घेऊ लागला. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट गावात तर आणखी पुढची पायरी. तिथल्या पंधराव्या शतकातल्या क्रूसधारी संघाच्या मठाचं 2005 मध्ये हॉटेल झालं. खुद्द चर्चच्या उंच कमानीखाली स्वागतकक्ष आणि जेवणाची टेबलं. त्याच गावात डोमिनिकन चर्चमध्ये पुस्तकांचं दुकान आहे. फोटो बघून तोंडात बोट जातं. पण तिथे भाविकच उरले नव्हते, इमारती ओस पडल्या होत्या. तेरेखोलला भाविक आहेत, म्हणून तिथलं गणित निराळं. रिकाम्या देवघरात टेबल मांडणं एक, आणि घरच्यांची पूजा चालू असताना मांडणं दुसरं. गोव्याच्या सरकारला एवढं भान राहिलं, हे नमूद करायला हवं.

इमारतींची कामं बदलतात तशा वस्तूही जागा बदलतात, आणि त्याचा सगळ्यात भारी नमुना आपल्याच उंबऱ्यावर आहे. खंबाटकी उतरून सुरूर फाट्यावरून वाईला, तिथून मेणवलीला गेलात की नाना फडणविसांच्या वाड्यामागे कृष्णेचा घाट लागतो. घाटावरच्या एका छोट्या दगडी कोठीत मोठी थोरली पंचधातूची घंटा टांगलेली आहे. जवळ जाऊन, मान वर करून नीट पाहायचं. घंटेच्या अंगावर बाळ येशूला घेतलेली मेरी आणि 1707 हे साल. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हा पोर्तुगीजांच्या चर्चमधल्या घंटा विजयाची खूण म्हणून आणल्या आणि ठिकठिकाणच्या देवळांत दिल्या. भीमाशंकरला एक आहे, नाशिकला गोदावरीच्या काठी नारोशंकराची प्रसिद्ध घंटा आहे, आणि ही मेणवलीची. तिथे येणाऱ्या बायका-माणसांनी ती वाजवून नमस्कार केला तर मेरीचं काही अडत नाही आणि मेणेश्वराचंही नाही. कुणी खरवडून काढली नाही ती आकृती, याचं मला अप्रूप वाटतं.

आणि ज्या वसईतून ती आली त्या किल्ल्यातल्या चर्चचं काय झालं? छपरं गेली, भिंती राहिल्या. इंग्रजी अमदानीत किल्ल्यात साखरेचा कारखानासुद्धा काढून पाहिला गेला, तो चालला नाही. आपल्या ऊसपट्ट्यातल्या माणसाला हे वाचून हसू येईल. अलीकडे तिथे सिनेमाची शूटिंगं होतात आणि लग्नाआधीचे फोटो काढणाऱ्यांची रांग लागते. वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया यांच्या सणाला मात्र त्या उघड्या चर्चमध्ये अजूनही मिस्सा होतो. त्या दिवशी कॅमेरेवाले बाजूला उभे राहतात.

तेरेखोलकडे परत येऊ. किल्ल्याच्या मागे पठारावर आणि उतारावर काजूची झाडं. गाव लहान, बहुतेक ख्रिस्ती, काजू आणि मासळीवर चालणारं. गेल्या दहा-पंधरा वर्षांत गावाच्या जमिनीवर गोल्फ मैदान आणि मोठं रिसॉर्ट करण्याचा घाट घातला गेला. कुळांनी हक्क सांगितला, ग्रामस्थ विरोधात उभे राहिले, प्रकरण कोर्टापर्यंत गेलं. सात खोल्यांचं हॉटेल गावाला खपलं, कारण त्याने गावाचं काही घेतलं नव्हतं. गोल्फ मैदान म्हणजे काजूचं कलम, गुरांची वाट आणि पाणी. पर्यटन नको म्हणणारं हे गाव नव्हतं. किती हवं आणि कुणाच्या अटीवर हवं, एवढाच त्यांचा सवाल होता. महाबळेश्वर-पाचगणीच्या पायथ्याशी जमिनीचे व्यवहार रोज बघणाऱ्या आपल्याला त्या सवालाचं वजन वेगळं सांगायला नको.

जायचं कधी? नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा उत्तम. पावसात आंबोलीचा घाट आणि धुकं यांचा मोह होतो, पण समुद्राकडचा वारा तटावर उभं राहू देत नाही. मे महिन्यात उकाडा जीव काढतो, पण फेस्ताच्या सुमाराला गेलात तर चर्च आतून बघायला मिळण्याची तेवढीच संधी. तारीख आधी विचारून घ्या. आत गेलात तर चपला-टोपीचं भान आपल्या देवळात ठेवतो तसं ठेवा, मिस्सा चालू असताना फोन खिशात.

गोव्याच्या बाजूने येणाऱ्यांना केरीहून फेरीबोट आहे. गाडीसकट चढता येतं. मोठ्या ओहोटीला ती खोळंबते, मग किरणपाणी-आरोंदा पुलावरून वळसा. आपल्या वाटेनं आलात तर बोटीची गरज नाही, पण एक फेरी पलीकडे मारून यावीच. किल्ला नदीतून जसा दिसतो तसा जमिनीवरून दिसत नाही. जेवायला रेडी-शिरोड्यात मालवणी खानावळी आहेत. बांगडा, सोलकढी आणि भात एवढं मागितलं की झालं. रेडीला गणपतीचं देऊळ आणि यशवंतगडाचे झाडीत बुडालेले चौथरे बघून घ्या. शिरोडा म्हणजे 1930 च्या मिठाच्या सत्याग्रहाचं गाव, आणि वि. स. खांडेकर शाळामास्तर म्हणून अठरा वर्षं राहिले ते गाव.

परतीला सावंतवाडीत थांबा. ज्या सावंत भोसल्यांनी तेरेखोल बांधला त्यांच्या राजवाड्यात दशावतारी गंजिफाचे पत्ते रंगवणारे कारागीर अजून बसतात. लाखेचा रंग चढवलेली गोल पानं तुमच्या समोर रंगतात, विकतही मिळतात. आणि त्याच राजवाड्याच्या आवारात आता राजघराण्याने स्वतः हॉटेल काढलंय, खोल्यांना गंजिफाची सजावट करून. त्याचं भाडं आपल्या खिशाला झेपेल असं नाही, पण राजवाड्याचा कारखाना बघायला माफक तिकीट आहे आणि मोती तलावाच्या कठड्यावर बसायला तर तेही नाही. लाकडी खेळणी घ्यायची असतील तर चितार आळी तिथून चालत अंतरावर. संध्याकाळी पाचपर्यंत निघालात तर आंबोली उजेडात चढता येते.